खुर्चीत बसवलेले अप्पा

प्रिय महेश्वरी,

फोनवर तू "अव्वा, मीटिंग आहे, नंतर बोलते" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं, म्हणून लिहायला बसले. घाईत वाचू नकोस. इकडे बरं आहे. नळाला अजून चार-पाच दिवसांनीच पाणी येतं, आणि आलं की गल्लीत कुणीतरी हमखास म्हणतं, सिद्धप्पा होते तेव्हा बरं होतं. तुझे अप्पा पाणीपुरवठ्यात पाणी सोडणारे चावीवाले होते, म्हणजे सगळं धरणच त्यांच्या खिशात होतं असं लोकांना अजून वाटतं. मी हसते.

गणपतीत तू महिनाभर इथे राहून काम केलंस, ते दिवस सारखे आठवतात. मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून तू बोलत असायचीस आणि बसम्मा भिंतीपलीकडून विचारायची, "लई बोलतीय की गं तुझी लेक. कुणाशी भांडतीय?" तुझं काम काय ते मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांनी दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, त्याऐवजी घरी बसून फोनपुढे चेहरा धरायचा. ते ॲप दुसरे बनवणार होते. पण माणूस ते उघडेल तेव्हा त्याला आधी काय दिसेल, बोट कुठे जाईल, कुठे तो घाबरेल, चुकला तर मागे कसा येईल, हे सगळं तू लिहून काढत होतीस. एकेका पडद्याचं चित्र आणि शेजारी दोन-तीन ओळी. टीमपुढे मांडायच्या आधी तू मला समोर बसवायचीस. म्हणायचीस, "अव्वा, आता तू टीम. मला अडव." मी काय अडवणार? शेंगा फोडत ऐकायची.

मला चौथीच्या पुढे शाळा नाही, पण तू शाळेत जे वाचायचीस ते तुझ्या मागोमाग मीही वाचलं, आणि पुढे वाचनालयातून जे मिळेल ते. त्यामुळे पेन्शनच्या साहेबांसाठी तू मराठीत काढलेलं ते डॉक्युमेंट मी तू आंघोळीला गेलीस की वाचायची. पहिल्या पानावर एक माणूस होता. तुमच्यात तशी पद्धत आहे म्हणालीस, आधी वापरणारा माणूस मनाने तयार करायचा, त्याला नाव द्यायचं, सवयी द्यायच्या, म्हणजे टीमला तो डोळ्यांपुढे राहतो. तू नाव दिलंस सिद्धप्पा. गाव सोलापूर. फोटोही अप्पांचाच, मैंदर्गीच्या जत्रेतला, फेटा बांधलेला. खाली लिहिलेलं, समजलं नाही तरी "आय्तु", झालं, म्हणतात आणि फोन पालथा ठेवतात. वाचून मला हसू आलं आणि मी ते पान पुन्हा वरपासून वाचलं.

माघात अप्पा गेले तेव्हा तू रडली नव्हतीस. म्हटलं, हिला असं लिहून बरं वाटत असेल तर लिहू दे. आणि खरं सांगू, मलाही ऐकायला आवडायचं. लॅपटॉपमधून तुझी माणसं म्हणायची, सिद्धप्पांना हे बटण दिसणार नाही, सिद्धप्पा इथे थांबतील, सिद्धप्पांना राग येईल. ते गेल्यापासून या घरात कुणी त्यांच्याविषयी असं बोललं नव्हतं. सगळे "होते", "करायचे", "म्हणायचे" असंच बोलत. मी हातातलं काम सोडून दाराशी उभी राहायची.

मग एक दिवस मला लॅपटॉपमध्ये ती खुर्ची दिसली. तुझ्या पुण्याच्या ऑफिसात टेबलाभोवती सगळे बसलेले आणि एक खुर्ची रिकामी, पाठीला कागद चिकटवलेला, त्यावर अप्पांचं नाव. तू म्हणालीस, बऱ्याच ठिकाणी ठेवतात, वापरणाऱ्याची आठवण राहावी म्हणून. असेल. पण नंतरच्या मीटिंगमध्ये त्या खुर्चीपुढे कुणीतरी पाण्याचा पेला ठेवलेला होता. आणि ती नवीन आलेली मुलगी खुर्चीमागून जाताना अंग चोरून गेली, बसलेल्या माणसाच्या मागून जावं तशी. तिला कुणी तसं करायला सांगितलं नसणार.

तू पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी मी ते डॉक्युमेंट पुन्हा वाचलं. पहिल्या पानावर एक ओळ वाढली होती. "डावा डोळा मिटून वाचतात." मी तुला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तू म्हणालीस, मी नाही लिहिलं, जोतिरामने लिहिलं असेल. जोतिराम म्हणजे तुझ्या टीममधला तो करकंबचा मुलगा. तू त्याला तिथेच फोन लावलास. तो म्हणाला, "मॅडम, मी न्हाय लिवलं. मला वाटलं, तुमीच टाकलं असंल." तू खांदे उडवलेस आणि बॅग भरायला लागलीस. पोरी, शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना डाव्या डोळ्याने धूसर दिसायचं. ते मला एकटीलाच माहीत होतं. "महेश्वरीला सांगू नको, उगी धावत येईल," म्हणाले होते. मी सांगितलं नव्हतं. बसम्मालाही नाही.

त्यांचा फोन मी अजून चार्ज करते हे तुला ठाऊक आहे. डॉक्युमेंटमध्ये नमुना म्हणून तू त्यांचाच नंबर घातलास, तुला तो पाठ होता म्हणून. दसऱ्यानंतर तुमची चाचणी सुरू झाली आणि त्या फोनवर मेसेज यायला लागले. आधी नुसते आकडे. मग एका दुपारी मी चटणीसाठी शेंगदाणे कुटत होते तेव्हा आला, "सिद्धप्पा, तुमचा चेहरा जुळला. तुम्ही हयात आहात." मी मुसळ खाली ठेवलं. संध्याकाळी फोनवर तू हसत सांगितलंस, जोतिरामने गंमत म्हणून फोन त्या रिकाम्या खुर्चीसमोर धरला होता. मग म्हणालीस, चाचणीत ते कुणालाही हो म्हणतं, अव्वा, त्यात काही नाही. पण त्यानंतर तेच तू पुन्हा एकदा म्हणालीस. तेवढ्यावरून मला कळलं की तुलाही ते नुसतं गंमत वाटलेलं नाही.

आपल्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवूनच मातीत ठेवतात. मैंदर्गीच्या रानात तूही त्यांच्यावर मूठभर माती टाकलीस, तुझा हात धरून मीच टाकायला लावली. ते तिथे बसलेत. त्यांना दुसरीकडे कुठे बसवायचं काम नाही. हे मी तुला रागाने लिहीत नाही. मला नुसती भीती वाटते, आणि भीती त्यांची नाही, आपण त्यांना उठवून बसवतोय त्याची. ते जिवंतपणी कुणाला भिववत नव्हते, आता काय भिववतील.

परवा तू विचारलंस, अप्पांच्या फोनमध्ये त्यांचा आवाज असेल तर पाठव, सोमवारच्या मोठ्या प्रेझेंटेशनमध्ये पडदे बदलताना ते बोलताहेत असं ऐकवायचंय. "आता डोळे मिचकवा", "आता मान वळवा" असं. दोन-चार वाक्यं पुरतील, बाकीचं मशीन बनवतं म्हणालीस. आवाज आहे. मी पाठवणार नाही. का ते सांगते.

काल मी बँकेत गेले होते. माझी ही पहिलीच वेळ. आत्तापर्यंत ते जायचे, मी बाहेर बाकावर बसायची. आता पेन्शन माझ्या नावावर, तर जिवंत असल्याचं मीच सांगायचं. फॉर्मवर माझं नाव लिहिलं, "पुन्हा लग्न केलेलं नाही" या ओळीपुढे सही केली. खाली पतीचं नाव आणि मृत्यूची तारीख. नाव लिहिलं आणि पिशवीतला त्यांचा फोन थरथरला. बघायला नको होतं. बघितलं. तेच, तुम्ही हयात आहात. मग माझ्याने तारीख लिहवेना. पेन टेकवला की वाटायचं, मी खोटं लिहितेय, आणि मी लिहिलं तरच ते जातील. मागे रांग खोळंबली. काउंटरवरचा म्हणाला, "मावशी, तारीख ध्यानात न्हाय का? घरी विचारून या की." मी फॉर्म घेऊन परत आले. तो टेबलावर तसाच पडलाय. घरी कुणाला विचारू?

म्हणून हे पत्र. सोमवारी टीमपुढे उभी राहशील तेव्हा आधी त्यांना सांग की सिद्धप्पा माघात वारले. तुझ्या तोंडाने, सगळ्यांसमोर. मग तो फोटो काढ, नंबर काढ, आणि त्या जागी माझं नाव लिही, महादेवी, सोलापूर. विधवा, पहिल्यांदाच हयातीचा दाखला देतेय, चष्मा आहे, वाचता येतं, नवऱ्याच्या मृत्यूची तारीख विचारली की हात थांबतो. तिला त्या पानावर थोडा वेळ द्या, मागे रांग लावू नका, एवढं तुमच्या त्या पडद्याला जमत असेल तर जमवा. महिनाभर तू मला टीम करून समोर बसवलंस, पण मला कुठे अडतं हे एकदाही विचारलं नाहीस. मंगळवारी ये. आपण दोघी बँकेत जाऊ, तारीख तू सांग, मी लिहीन. मी अजून आहे, महेश्वरी. जे विचारायचं ते मला विचार.

तुझी वाट बघणारी,
तुझीच अव्वा