पहिली मासोळी

१२ जानेवारी

शेजारच्या इस्तारी ढीवरानं मासोळी आणून दिली! हातभर रोहू. आज तलावात यंदाचं पहिलं जाळं पडलं. पाळीवरचा, तलावाच्या बांधावरचा, ढीवरांचा आरडाओरडा सकाळपासून इथवर ऐकू येत होता. "पास्टरभाऊ, पहिली तुमची," म्हणाला, पळसाच्या पानांत गुंडाळलेली मासोळी दारात ठेवली, हात जोडले आणि गेलासुद्धा.

मासे साफ करणं माझ्या बायकोचं, कमळेचं काम होतं. ती गेल्यापासून या घरात मासा शिजला नव्हता. माझा रस्सा खारट झाला, तरी वाटी पुसून खाल्ली. कोणीतरी आपली आठवण ठेवतं. बरं वाटलं.

१३ जानेवारी

घरभर माशाचा वास. दिवसभर दार उघडं ठेवलं. कोणी आलं नाही.

१५ जानेवारी

कपाळाला हात लावायची वेळ आली! इस्तारीची बायको चंदाबाई विहिरीवर भेटली. हसत हसत सांगते—पहिल्या जाळ्यातली पहिली मासोळी पाळीवरच्या देवाला दाखवायची, ही त्यांची बापजाद्यांची रीत. "यंदा तुमालेच देल्ली. मी तापानं फणफणली होती, तुमी डोस्क्यावर हात ठेवला, उतरला. आमचा देव तं तुमीच!"

म्हणजे तो शेजारधर्म नव्हता. नैवेद्य होता. आणि मी तो मीठ-मिरची घालून फस्त केला!

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं होतं, ते कोणाच्या लक्षातही नाही. आणि हात मी कोणाच्या नावानं ठेवला, तेही तिला ठाऊक नाही. असणार कसं? "प्रार्थना करतो," एवढंच म्हणालो होतो. डोळे मिटले, ओठ हलवले, उठलो. तिनं जे पाहिलं ते मलाच पाहिलं.

१८ जानेवारी, रविवार

उपासनेला नेहमीचीच दोन घरं. संदेश वधस्तंभावर होता. पण मध्येच गाडी माझ्यावर आली—भद्रावतीच्या कारखान्यातली नोकरी सोडली, कमळेला घेऊन या आडगावात आलो, कसे दिवस काढले! हे सांगायला लागलो की पेंगणारेही जागे होतात. मला ते कळतं, म्हणूनच सांगतो.

नागभीडचे गुणवंतराव आले होते. फेब्रुवारीतली सभा तेच भरवणार आहेत. "वा! तुमची साक्ष ऐकली का अंगावर काटा येते!" सभेचा फलक मोबाईलवर दाखवला. माझा फोटो हा एवढा मोठा. येशूचं नाव खाली, भोजनाच्या सूचनेजवळ. आणि मला आधी काय वाटलं? फोटो बरा आलाय!

२० जानेवारी

इस्तारीला सांगायलाच हवं. उद्या बुधवार, त्यांच्याकडे जेवायचा दिवस. तेवढं एकच घर, जिथं मला उशीर झाला तर कोणीतरी दारात येऊन पाहतं. सांगितलं आणि ते दारही बंद झालं तर?

२१ जानेवारी

नाही सांगितलं. वांग्याची भाजी फार छान झाली होती.

२८ जानेवारी

सांगितलं. ताटावर बसण्याआधीच—देवाची मासोळी मला नको.

इस्तारीचा चेहरा पडला. "काऊन? आमच्या हातचं चालत नाई का तुमाले?"

चालतं रे बाबा, पण मी देव नाही. याच हातांनी कमळेसाठी प्रार्थना केली होती, रोज. ती गेली. माझ्या हातात काही असतं तर मी तिला जाऊ दिलं असतं का?

त्यानं ताट पुढे सरकवलं. जेवलो. निघताना नेहमीसारखं "येजा" म्हणाला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

बोलावणं नाही. खिचडी केली.

११ फेब्रुवारी

आजही नाही. बसल्या बसल्या कान दाराकडे. काय ही अवस्था!

१२ फेब्रुवारी

चंदाबाई आली! बसायलाही तयार नाही. "तुमी नाई तं मंग कोन? सांगून टाका ना! अर्धवट सांगून काऊन घरी बसले?"

पडवीत बसवलं आणि सांगितलं. येशूचे शिष्य, तेही ढीवरच, रात्रभर जाळं टाकून रिकामे परतत होते. ज्याला लोकांनी खिळे ठोकून मारलं, तो येशू मेलेल्यांतून उठून किनाऱ्यावर बसला होता. विस्तव पेटवलेला, वर मासोळी भाजत ठेवलेली. त्यांनाच जेवायला बोलवत होता.

"देवानं? ढीवराले रांधून देल्ली?"

हो.

"ज्या हाताले खिळे ठोकले, त्याच हातानं?"

त्याच.

तिनं पदरानं डोळे पुसले. "आमी देवाले देतो. देव आमाले रांधते हे कोनी सांगतलं नोतं."

जाताना म्हणाली, "उद्या आनखी सांगजा." किती वर्षांनी मी अशी गोष्ट सांगितली, जिच्यात मी कुठेच नव्हतो! हलकं वाटलं.

१६ फेब्रुवारी

गुणवंतरावांना फोन केला—फलकावरचा फोटो काढा. "मंग लोकं येतीन कसे?" रुसले. शेवटी काढला. रोज संध्याकाळी इस्तारी आणि चंदाबाई दोघंही ऐकायला येतात. इस्तारी अजून माझ्याशी फार बोलत नाही. येशूबद्दल मात्र खोदून खोदून विचारतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

नागभीडच्या सभेत चंदाबाई आपण होऊन उभी राहिली. ताप, दवाखाना, किनाऱ्यावरचा विस्तव, खिळ्यांचे हात—सगळं सांगितलं. माझं नाव एकदाही आलं नाही. मी डोक्यावर हात ठेवला होता, तेसुद्धा नाही. हेच तर मी मागत होतो!

घरी येऊन रडलो. आनंदानं, असं लिहायला घेतलं होतं. नाही. ती खाली बसेपर्यंत मी माझ्या नावाची वाट पाहत होतो.