चुन्याआडची तुळजा

कलबुर्गी,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रीशैलअण्णा,

जगदेवीचा नमस्कार. तू, वहिनी आणि लेकरं खुशाल असाल. इकडं पाऊस ओसरलाय. करजगीला तुरी चांगल्या आहेत. मायचे गुडघे धरतात, पण दसऱ्याची घरसफाई तिनं कुणाला करू दिली नाही.

पुण्याच्या प्रदर्शनाचा तुझा निरोप मिळाला. आपल्या तुळजाची चित्रं लावायची, तिची कॉट आणि घोंगडी तशीच मधोमध ठेवायची, आणि करजगीच्या घरातली तिनं रंगवलेली भिंत चुना उतरवून मोठ्या फोटोत दाखवायची. चुना काढणारा माणूस घेऊन दसऱ्याला येतो म्हणालास. फोनवर मी नुसतं "बघते" म्हणाले. तुला राग आला असेल.

सध्या कॉलेजात युरोपची कला शिकवतेय. आधी चित्रकार उन्हाच्या मागं लागले. मग घनवादी आले. त्यांनी चेहरा फोडला, समोरून आणि बाजूनं एकदमच दाखवला. महायुद्धानंतर काहींनी स्वप्नं रंगवली. आणि आता तर कुणी आपलं अंथरूणच उचलून दालनात नेऊन ठेवतं. हे सगळं तूच पहिल्यांदा पुण्याहून पुस्तकं आणून आम्हा दोघी बहिणींना दाखवलंस. परवा पांढऱ्यावर काढलेला पांढरा चौकोन पडद्यावर दाखवला, तर पोरं हसली. "मॅडम, यात काय आहे?" एकीनं विचारलं. दरवर्षी मी यावर बरंच बोलते. यंदा पुढची स्लाइड लावली.

कारण त्याच्या आदल्या रविवारी मी करजगीला जाऊन आले होते. तुझा माणूस यायच्या आधी चुना कितपत धरलाय ते बघावं म्हणून. माय शेजारी राजूबाईकडं गेली होती. मी ओलं फडकं घेऊन कोपऱ्यात जरा घासलं. चुना पापुद्र्यासारखा सुटला आणि आतून एक डोळा वर आला. तुळजाचाच. आपण तिघं आणि माय, असे चौघांचे चेहरे तिनं त्या घनवाद्यांच्या रीतीनं काढले होते, तुला आठवतं ना? एक डोळा समोर बघणारा, एक बाजूला. मी खिडकीशी सरकले. तो माझ्याकडंच बघत होता. दाराशी गेले, तरी तेच. अण्णा, मी हे वर्गात शिकवणारी बाई. पण फडकं खाली टाकून दाराला धरून उभी राहिले.

मागून माय आली. ओरडली नाही. म्हणाली, "कामून खरडायलीस? झाक ते. तिनं झाकाय सांगितलंय."

"कुणी?"

"तुळजानं. अजून कोण."

मग उंबऱ्यावर बसून तिनं सांगितलं. सोलापूरच्या दवाखान्यातून तुळजाला घरी आणलं तेव्हा मी परीक्षांमुळं इकडं होते, तू पुण्यात. तुळजाचे केस गेले होते, तोंड सुकून एवढंसं झालं होतं. आणि समोर भिंतीवर ती धडधाकट तुळजा. माय कॉट फिरवायची. इकडून तिकडं, तिकडून इकडं. तुळजा म्हणायची, "माय, कुठंबी निजले तरी ती बघायलीच. ती बरी हाय, मी न्हाई. तिला झाक."

मायनं चुना कालवला. तुळजा कॉटवरून बोट दाखवत होती, इथं राहिलं, तिथं राहिलं. आपल्या सगळ्यांचे चेहरे मायनं स्वतःच्या हातानं पुसले. तिचा स्वतःचासुद्धा. त्यानंतर तुळजाला झोप लागली, म्हणाली माय.

मी विचारलं, "मग अण्णा एवढं बोलला तेव्हा तू गप कामून बसलीस?"

"ती म्हणाली, अण्णाला सांगू नगस. त्यानं रंग आणून दिले व्हते, त्याला वाईट वाटंल."

तुळजाच्या तेराव्याच्या दिवशी तू त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून म्हणालास, अडाणी बाई, तू तिला दुसऱ्यांदा मारलीस. सगळ्या भावकीसमोर. माय डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत गेली. त्या दिवसापासून तू करजगीला आला नाहीस. आणि त्या दिवसापासून माय तिथंच, त्याच खोलीत, त्या भिंतीकडं तोंड करून निजते. पावसाळ्यात ओल येते, कुठं गाल उमटतो, कुठं ओठ. माय उठते, चुना लावते. कलबुर्गीला चल म्हणाले तर म्हणते, "मी आले तर तिला झाकायचं कुणी?"

त्या दिवशी तो डोळा मीच झाकला. माय बादली धरून उभी होती. ओल्या चुन्यात तो बराच वेळ दिसत राहिला. वाळेपर्यंत मला त्या भिंतीकडं पाठ करता आली नाही.

चित्र चांगलं होतं, अण्णा. कदाचित तिचं सगळ्यात चांगलं. तू ते जगाला दाखवू पाहतोस यात वाईट काहीच नाही. पण तिनं ते मिटवलं, आणि तेही तिनंच केलेलं आहे. कॉट आणि घोंगडी आता मायच्या आहेत, त्या तिला माग. भिंत मागू नकोस.

मायला मी हे लिहितेय ते माहीत नाही. तुळजाला दिलेला शब्द तिनं मोडला नाही, तो मी मोडतेय. दसऱ्याला ये. तो माणूस नको, कॅमेरा नको. मायसमोर बस. ती काही विचारणार नाही, भाकरी वाढेल. बोलायचं आहे ते तुलाच बोलावं लागेल.

तुझी, आता एकटीच उरलेली बहीण,
जगदेवी