दादाचा अर्ज, माझं अक्षर

सौंसर, जून १९५७. संध्याकाळ.

दादाचा नागपूरच्या कॉलेजचा अर्ज आज मीच लिहिला. "मंदे, तुयं अक्षर चांगलं हाय, तूच लिहून दे," म्हणाला. मॅट्रिकला त्याला थर्ड क्लास, मला फर्स्ट. तरी अक्षर जराही वाकडं आलं नाही. त्याचाच राग येऊन राहिला.

परवा मी माझ्यासाठी अर्ज मागितला, तर बापू म्हणाले, "नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं, पोरी. परमुलखात तुले कसं धाडू?" मी म्हटलं, गाडी तर तीच आहे. आई चुलीपासून ओरडली, "किती बोलून राहिली तू!" तेव्हापासून बोलायला मला ही वहीच.

अर्जात विषयाचा रकाना आला. दादाला विचारलं. "लिही काहीबी."

काहीबी! मी माझा विषय लिहिला, गणित. माझ्या चांगल्या अक्षरात. त्यानं न वाचता खाली सही केली.

मग एकदम लहान तोंड करून म्हणाला, "बापू, करमन का मले तिथं?"

बापूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अरे, घाबरतं काय? नागपूर इथंच तं हाय."