सहीआधी ऐकायचा आवाज

४ नोव्हेंबर, मंगळवार
बाबांचं ऑपरेशन १२ तारखेला. डॉ. आज स्पष्टच बोलले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. बाबा रेल्वेत गार्ड होते, फलाटाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक पोचायची त्यांची. संमतीचा फॉर्म घडी करून खिशात टाकला. ऑटोत म्हणाले, "मंग मी बोलीन कसा, ते आधी ऐकव मले. तवा सही."

५ नोव्हेंबर
स्पीच थेरपीच्या मॅडमनी एक प्रोग्राम दिला. बाबांची वाक्यं रेकॉर्ड करून टाकायची, मग आपण टाइप केलेलं कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलतो. दीडशे वाक्यं फोनवर घेतली. खोकल्यानं चारदा थांबलो. पण आमच्या मशीनवर प्रोग्राम उघडतच नाही. प्रोसेसर जुना. ऑफिसात करून आणते म्हटलं, तर "माहा आवाज दुसऱ्याच्या मशीनीत नाही ठेवाचा."

६ नोव्हेंबर
सदर बाजार. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या भैयाला आमच्या मशीनच्या बोर्डचा फोटो दाखवला. "दीदी, सॉकेट वही है, आराम से लग जाएगा." नवा प्रोसेसर आणला. बसला व्यवस्थित. पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन काळी. दहादा बंद-चालू केलं. काळीच.

७ नोव्हेंबर
भैयाला फोन. म्हणे बोर्डातला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, जुना, त्याला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. जुना परत लावा, बायोस अपडेट करा, मग नवा लावा. हे काल काहून नाही सांगितलं? "हव दीदी, ध्यान नहीं रहा."
जुना लावताना हातातून निसटला. फरशीवर. दोन पिना वाकल्या. म्हणजे आता नवाही चालत नाही आणि जुनाही नाही.
बाबांना सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर
बाबांना कळलंच. भिंग त्यांनीच काढून दिलं. मी ब्लेडच्या पात्यानं पिना सरळ करत बसले, तासभर. एक तुटली असती तर संपलं होतं. बाबा बाजूला बसून पाहून राहिले होते. "घाई नको करू, पोरी." अर्धे शब्द नुसती हवा.
सुरू झाला जुना. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात सकाळपासून दोनदा लाइट गेली. अपडेट चालू असताना गेली तर बोर्डच जाणार. खालच्या झेरॉक्सवाल्या दीदीचा यूपीएस मागून आणला. चार मिनिटं लागली. आईनं घरातले सगळे पंखे बंद केले, त्यानं काय होणार होतं कोण जाणे. झालं. नवा लावला. स्क्रीन आली. प्रोग्राम उघडला. आवाज तयार व्हायला दीड दिवस दाखवतो.

११ नोव्हेंबर
संध्याकाळी आवाज तयार झाला. काय टाइप करावं सुचेना. बाबाच म्हणाले, "तुह्या आईले हाक मार." लिहिलं, सुमन, चहा झाला का?
बाबांचाच आवाज. आई आतून म्हणाली, "हव, आणतो."
चहा घेऊन आली, आमचे चेहरे पाहिले आणि थांबली. तिला तेव्हा कळलं.
बाबा म्हणाले, "तिले फरक नाही समजला." चांगलं म्हणून बोलले की वाईट, मला कळलं नाही. चप्पल घालून तलावाकडे गेले. चहा तसाच.
परत आले. फॉर्म अजून त्यांच्या खिशातच. मी बॅग भरून ठेवली. सकाळी आठला हॉस्पिटलात पोचायचं आहे. सहीचं विचारायची हिंमत आईलाही झाली नाही.