मोजून लिहिलेल्या पाट्या

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. (आई मागे उभी राहून वाचते आहे, म्हणून 'शिरसाष्टांग'. ती आत गेली की मी नेहमीच्या 'अरे मामा'वर येते.) तुझा गुडघा कसा आहे? हात अजून थरथरतात का? मामी मीठ कमी घालते आणि तू वरून चोरून घेतोस, ही बातमी इथवर पोचली आहे. दुसरीही पोचली. तू म्हणे दारावरची 'वायरमन' ही पाटी काढून माळ्यावर टाकलीस आणि म्हणालास, "ज्याला साधा स्क्रू धरता येत नाही, तो कसला वायरमन?" त्यावर मला अवाक्षर बोलायचं नाही. मला फक्त माझी फजिती सांगायची आहे.

आई गेली. तर अरे मामा, आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात विजेची बावीस पॅनेलं आहेत आणि त्यांच्यावर बावीस हातांची अक्षरं. एकावर ४४०, शेजारच्यावर ४००, एकावर दोन आकडे, त्यातला लहान आधी, दुसऱ्यावर मोठा आधी, आणि बॉयलरजवळच्यावर नुसतीच कवटी. सरकारी तपासणी तोंडावर आली आणि नेमकी आमच्या मुख्य फिटरांची दाढ ठणकायला लागली. गालाला रुमाल लावून ते एवढंच म्हणाले, "सगळीकडे नवीन पाट्या लाव, व्होल्टेज नीट लिही," आणि दातांच्या डॉक्टरकडे पळाले. माझी उमेदवारी त्याच आठवड्यात संपत होती. काम जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी (आणि घरी आई).

आता 'नीट लिही' म्हटल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? मोजल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही, हे मी फ्रॉकमध्ये असताना तू मला शिकवलंस. म्हणून तू निवृत्त होताना दिलेला तो काट्याचा मीटर काढला, हातमोजे चढवले आणि सुरुवात केली. पहिलं पॅनेल: दोन फेजमध्ये ४०७, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३५. कोरली पाटी, ४०७/२३५. शेवटच्या शेडमध्ये भरले ४०१/२३२, तेही कोरलं. दुपारपर्यंत बाविसाच्या बावीस झाल्या, एकीसारखी दुसरी नाही, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग सहज म्हणून पुन्हा मीटर लावला तर काय, जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद, आणि व्होल्टेज चढून ४१६! माझी पाटी खोटी पडली. (त्या क्षणी मला तुझा चेहरा दिसला, भुवयांसकट.) मी पाट्या उतरवल्या, पुन्हा कोरल्या. चार वाजता सगळी यंत्रं जोरात, आकडे परत खाली. शेवटी डोकं लढवलं आणि लांबलचक पाट्या केल्या: सकाळी अमुक, सुट्टीत तमुक, संध्याकाळी आणखी काही. प्रामाणिकपणात कसूर नको म्हणून खाली 'पावसाळ्यात मोजायचे बाकी' असंही कोरलं.

तपासणीला सरकारी अधिकारी म्हणून एक बाई आल्या. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात. पहिल्या पाटीपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की मला वाटलं, कौतुक करताहेत. मग म्हणाल्या, "हे व्होल्टेज आहे की तापाचा तक्ता?" फिटरसाहेबांनी दुसऱ्या गालालाही हात लावला. पण बाई मनाने चांगल्या. त्यांनी समजावलं, पाटीवर लिहितात ते त्या व्यवस्थेचं नाव. ४००/२३०, बस. दोन फेजमधला आकडा आधी, तिरकी रेघ, मग फेज आणि न्यूट्रलमधला. एका ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या तुमच्या बावीसही पॅनेलांचं नाव एकच. रोजचं मोजमाप थोडं खाली-वर व्हायचंच, त्याची जागा वहीत. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी विचारलं, घरी तुला काय म्हणतात? मी म्हटलं, चिमणी. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं (मामा, मी आता ब्याऐंशी किलोची आहे) आणि विचारलं, "मग रोज वजन करून नाव बदलतात का गं?"

फिटरसाहेब दाढ विसरून हसले. दोन दिवसांत एकसारख्या बावीस पाट्या लागल्या, मोजलेले सगळे आकडे वहीत गेले, आणि बाईंनी शेऱ्यात लिहिलं की मोजमापाची इतकी चोख वही त्यांनी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी कायम झाले. ते तुझं शिकवणं, मामा. मला तुझी फार आठवण आली.

मामीला नमस्कार, मीठ लपवायला सांग.

तुझी,
चिमणी (ब्याऐंशी किलो)

ता. क. सोबतच्या पुडक्यात तेविसावी पाटी आहे. त्यावर 'वायरमन' एवढंच कोरलंय, कंसात काही नाही. स्क्रूही पाठवलेत. तुला धरवत नसतील तर मामी धरेल, तू फक्त कुठे लावायची ते दाखव. एवढ्याचसाठी पत्र लिहिलं, बाकीची फजिती पुडकं भरायला.

आणखी एक. तुझा मीटर प्रयोगशाळेत तपासून आणला. चारशेला चारशे नऊ दाखवतो. म्हणजे माझ्या त्या सगळ्या प्रामाणिक पाट्या मुळातच चुकीच्या होत्या. काटाही थरथरतो. पण इथे अजून सगळे त्याला मीटरच म्हणतात.