तांबड्या थराचा अभ्यास

५ मे २०२५, मोरबी
आजपासून भूशास्त्राचं शिक्षण सुरू. धाकटी बहीण प्रांजल पुण्यात बीएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या नोट्सचे फोटो मागवले. ती तीन वर्षांत शिकंल ते मी तीन महिन्यांत उरकणार. टाइल्सच्या कारखान्यात दिवसभर मातीतच असतो, म्हंजी प्रॅक्टिकल झाल्यातच जमा. रोज वीस पानं.

६ मे
डबल ड्यूटी. शून्य पानं. उद्या चाळीस.

९ मे
दीड पान. पण विषय ध्यानात आला. आपल्याकडं सगळा बेसाल्ट, थरावर थर. मधी कुठंकुठं तांबडा थर. रंग लोखंडामुळं. पुढच्या पानाचा फोटो हललाय. गरज पण न्हाई.

१२ मे, जेवणाची सुट्टी
गावाकडनं, न्हावऱ्याहून आप्पांचा फोन. विहीर खोल करायला घेतलीय, चाळीस फुटांवर तांबडा थर लागलाय. मलबा वर उचलायची यारी चालवणारे सोपानराव म्हणत्यात, आधी कडेनं बांधून घ्या, मग खाली जाऊ. ऊस वाळतोय, तू ते वाचतोस ना, काय करू? वडलांनी जन्मात पहिल्यांदा मला काही विचारलं. सांगितलं, तांबडा म्हंजी लोखंड, लोखंड कवा ढासळलंय का, उतरा बिनधास्त.

१३ मे
प्रांजलचा फोन, घरून कळलं तिला. दादा, तो तांबडा थर म्हणजे भाजलेली माती आहे, भिजली की साबणासारखी सुटते, आप्पांना आत्ताच्या आत्ता थांबव. म्हणलं, तुझी परीक्षा हाय, तू पेपरकडं बघ. मग तिनं आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, थोरल्यानं बघितलंय ते.
बरं वाटलं.

१५ मे
आप्पांनी व्हिडिओ पाठवला. थरातनं पाणी पाझरतंय. कडेला बोट जाईल एवढी चीर. चीर वाकडी हाय. वाकडी चीर चांगली असती. कुठं वाचलं ते आठवंना.
सोपानराव यारी घेऊन गेले. म्हणाले, मला लेकरंबाळं हायेत. भित्रा माणूस. आता आप्पा आन् चुलतभाऊ रोहिदास दोघंच उतरतात. मलबा ट्रॅक्टरला दोर लावून काढतात.

१६ मे
पाणी लागलं! आप्पा म्हणाले, अजून दोन फूट जाऊ. मी म्हणलो, चार.

१७ मे, दुपारी १
आप्पांचा फोन लागंना. विहिरीत फोन कोण नेतंय.

दुपारी ३
रोहिदासचा पण लागंना. चार फूट म्हंजी वेळ लागणारच.

१८ मे
थर काल अकरा वाजता सुटला. रोहिदास डबा आणायला वर आला होता. आप्पांना काढायला पाच तास. शिरूरच्या दवाखान्यात हायेत. कमरेखाली हालचाल न्हाई.
प्रांजल पेपर सोडून तिकडं गेली. तिथनं तिचा फोन. रडली न्हाई. म्हणाली, आप्पा शुद्धीवर आले तवा पहिलं म्हणाले, थोरल्याला विचारा, चुकलं कुठं ते त्यालाच कळंल.
म्हणलं, मी नववी नापास माणूस, माझं कशाला ऐकायचं.
ती म्हणाली, हे तूच सांग त्यांना, फोन देते.
ड्यूटीची वेळ झाली म्हणलो आन् कट केला.
आज सुट्टी हाय.