बिवळ्याची साल

पुणे, ५ फेब्रुवारी २०२४

ती. योगेंद्रभाऊस,
चारुलताचा साष्टांग नमस्कार. आबांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. जेवणानंतर ओट्यावर त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

मोतीबिंदूवरच्या प्रयोगासाठी रोज खाटकाकडून बोकडांचे डोळे आणते आणि भिंगं कापून काढते. आधी उलटी यायची, आता तिथंच डबा खाते. भिंग म्हणजे बहुतेक प्रथिनच. पेरॉक्साइडमध्ये ते उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं पडतं, आबांच्या मोतीबिंदूसारखं. पण आपल्या सालदार जान्यानं तोरणमाळहून आणलेली बिवळ्याच्या झाडाची साल स्पिरिटमध्ये भिजवली, तिच्या अर्कातली भिंगं पेरॉक्साइड घालूनही निर्मळ राहिली. बघ, ज्याच्यावर दिवसभर खेकसतोस त्याचीच ही साल.

आबांचं ऑपरेशन लांबवू नकोस. माया ठेव, राग आवर.
तुझी चारू

ब्राह्मणपुरी, १९ फेब्रुवारी

चि. चारूस अनेक आशीर्वाद.
फोनवर तू भांडशील, म्हणून लिहितो. आबांचा उजवा डोळा गेला. तुझं पत्र ऐकून ते ऑपरेशन नको म्हणून हटून बसले. मी जान्याकडून साल मागवली, तू लिहिलंस तशीच स्पिरिटमध्ये भिजवून तिचे थेंब डोळ्यात घातले. आबा गुरासारखे ओरडले. गुण यायला वेळ लागतो म्हणून मी त्यांचे हात धरून घालत राहिलो. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, बुबुळ जळालं.

त्या हरामखोरानं भलतीच साल दिली. गोठ्यात बांधून काठीनं झोडपला. हात मोडला, दात पडले, तरी म्हणे साल बिवळ्याचीच. तुझी नूतनवहिनी मध्ये पडली, तिलाही एक बसली. तो आता सरकारी दवाखान्यात आहे आणि केस झाली आहे. साल खोटी होती असं तू लिहून दे. घराच्या अब्रूचा प्रश्न आहे.
तुझ्या भरवशावर,
योगेंद्र

पुणे, २६ फेब्रुवारी

भाऊ, नमस्कार.
उरलेली साल वहिनीनं पाठवली, मी तपासली. ती बिवळ्याचीच आहे. डोळा स्पिरिटनं जळाला. आम्ही अर्कातून ते आधी उडवून टाकतो. आणि माझे बोकड मेलेले असतात रे, ते ओरडत नाहीत. आबा ओरडत होते, तरी तू थांबला नाहीस.

मी खोटं लिहून देणार नाही. रजा मिळाली की येते, तुझ्याविरुद्ध जबाब द्यायला. मला फार राग आलाय, आणि रडूही.
चारू

ब्राह्मणपुरी, ४ मार्च

चि. चारूस आशीर्वाद, घेशील तर.
तुझ्या जबाबाची गरज उरली नाही. आबांनी मला दवाखान्यात जान्याच्या खाटेपाशी न्यायला लावलं. चाचपडत त्याचा प्लास्टरचा हात धरला आणि सगळ्यांसमोर त्याला मारण्याचं कारण मला विचारलं, "याले काबर मारं? मन्हा डोयामा तर तूच टाकं ना." मग त्यांनी जबाब घ्यायला आलेल्या फौजदाराला सांगितलं, "मारनारा मन्हा पोऱ्या शे. लिखी ल्या."

पोलीस दारात उभे आहेत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आबा मला हात लावू देत नाहीत. तू ये.
भाऊ